धुळे ते भुसावळ: स्लाइड गिटारचं गाडीतलं गाणं घरी कसं करायचं

शनिवारी रात्री साडेनऊला मी धुळ्याहून निघतो. फागणे, मुकटी, पारोळा, एरंडोल, पाळधी, मग बांभोरीजवळचा गिरणेवरचा पूल, जळगाव, नशिराबाद. साकेगावला वाघूर ओलांडली की भुसावळ आलंच. नोकरी धुळ्यात आणि घर भुसावळला, त्यामुळे सहा वर्षं दर आठवड्याला हाच रस्ता. गाडीत वाजायचं गाणं सुचतं गाडीत आणि ते नीट झालं की नाही हेही गाडीतच कळतं, हे मला या रस्त्यावर समजलं. मधलं सगळं काम मात्र घरच्या खोलीत होतं. माझी गाणी ब्लूजची, म्हणजे अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या लोकगाण्यांच्या ढंगाची, आणि त्यांत मुख्य वाद्य स्लाइड गिटार: बोटात घातलेली नळी, म्हणजे स्लाइड, तारांवर सरकवून वाजवतात ती. ते मी कसं करतो ते सविस्तर लिहितो.

आधी लय ठरवा. सूर, शब्द, सगळं नंतर.

माझे नाना मालगाडीवर गार्ड होते. लहानपणी एक्स्प्रेसमधून जाताना ते मनगटावरचं घड्याळ बघत रुळांची खडखड मोजायचे आणि गाडीचा वेग सांगायचे. एक रूळ १३ मीटरचा, दोन रुळांच्या सांध्यावर एक ठोका. गाडी ताशी ९० किलोमीटरनं धावत असेल तर सेकंदाला २५ मीटर जाते, म्हणजे दर ०.५२ सेकंदाला एक ठोका, मिनिटाला साधारण ११५. आता रूळ वेल्डिंग करून लांबच लांब जोडलेले असतात, ती खडखड आता मुख्यतः गाडी रूळ बदलते तिथे ऐकू येते. पण ११५ हा आकडा माझ्याजवळ राहिला. पळत्या गाडीच्या गाण्याला ही लय फार चांगली बसते. ताशी ६० चा हिशेब केला तर ठोके ७७ येतात. तीही ब्लूजची लय आहे, पण ती घाट चढणाऱ्या गाडीची.

मोबाइलमधला मेट्रोनोम ११५ वर लावा आणि पायानं ठेका धरा. आता प्रत्येक ठोक्याचे मनात तीन भाग करा आणि मधला सोडून द्या: पहिला वाजवा, तिसरा वाजवा. हाच शफल. तो अंगात भिनेपर्यंत गिटार हातात घेऊ नका. मी दोन दिवस नुसता मांडीवर हात मारत फिरत होतो, आणि त्याचा उपयोग पुढे रेकॉर्डिंगच्या प्रत्येक टेकला, म्हणजे एका दमात वाजवलेल्या तुकड्याला, झाला.

गाण्याचा साचा बारा मात्रांचा नाही, बारा बारचा आहे, आणि प्रत्येक बारमध्ये चार ठोके. षड्जाच्या कॉर्डवर (कॉर्ड म्हणजे एकत्र वाजणारे तीन-चार सूर) चार बार, मध्यमावर दोन, पुन्हा षड्जावर दोन, मग पंचमावर एक, मध्यमावर एक, आणि शेवटी षड्जावर दोन. एका आवर्तनात ४८ ठोके, म्हणजे आपल्या लयीत २५ सेकंद. आठ आवर्तनं केली की ३ मिनिटं २० सेकंद, गाणं पूर्ण. मी पहिलं आवर्तन नुसत्या स्लाइडला देतो, दोन कडवी गातो, चौथं पुन्हा स्लाइडला, दोन कडवी, सातवं स्लाइडला, आणि शेवटचं कडवं सर्वांनी मिळून.

शब्दांचा साचा आपल्या घरातलाच वाटावा असा आहे. एक ओळ म्हणायची, तीच पुन्हा म्हणायची आणि तिसऱ्या ओळीत तिचं उत्तर द्यायचं. आमच्याकडे खानदेशात श्रावणात कानबाई या देवीच्या गाण्यांत एक बाई ओळ म्हणते आणि बाकीच्या ती उचलतात. आईचं माहेर अमळनेरकडचं, तिच्या तोंडून ते ऐकत वाढल्यामुळे ब्लूजची पुनरावृत्ती मला परकी वाटली नाही. भुसावळच्या बाजूला लेवा बोली जास्त, पण गाण्यासाठी मी आईची अहिराणी घेतली:

रात व्हयनी, तरी गाडी चाली ऱ्हायनी
रात व्हयनी, तरी गाडी चाली ऱ्हायनी
घरना दारमा मनी माय वाट दखी ऱ्हायनी

ओळ लिहिताना एक गोष्ट सांभाळा. प्रत्येक ओळीला चार बार मिळतात, पण शब्द पहिल्या दोन-अडीच बारमध्येच संपले पाहिजेत. उरलेली जागा स्लाइडची. गळा बोलतो, गिटार उत्तर देते. शब्दांनी चारही बार भरले तर पुढे मिक्सिंगमध्ये, म्हणजे सगळे आवाज एकत्र जुळवताना, कितीही खटपट करा, दोघं एकमेकांच्या अंगावर येतच राहतात. माझ्या पहिल्या गाण्यात तेच झालं होतं. शेवटी मी प्रत्येक ओळीतून दोन-दोन शब्द काढले आणि मगच ते मोकळं झालं.

आता स्लाइड. डब्ल्यू. सी. हॅंडी या संगीतकारानं आपल्या आत्मचरित्रात लिहून ठेवलंय की १९०३ च्या सुमारास मिसिसिपीतल्या टटवाइलर स्टेशनवर तो गाडीची वाट बघत असताना एक माणूस गिटारच्या तारांवर सुरी दाबून वाजवत होता, आणि दोन रेल्वेमार्ग जिथे एकमेकांना छेदतात तिथे जाण्याबद्दल गात होता. ज्यांचं गाव जंक्शन आहे, जिथून एक फाटा नागपूरकडे आणि दुसरा खंडव्याकडे जातो, त्यांना हे वाचून काय वाटेल ते वेगळं सांगायला नको.

सुरीची गरज नाही. गॅरेजमधली स्पार्क प्लग खोलायची लांब गोटी (सॉकेट) बोटात बसत असेल तर तीही चालते, जड असते आणि सूर लांब टिकतो. काचेचा सूर गोल, स्टीलचा चकचकीत. माझी स्लाइड पितळी नळीची आहे. तांब्या-पितळेच्या भांड्यांसाठी ओळखल्या जाणाऱ्या सोनगीरहून एका कारागिराकडून सहा सेंटिमीटरचा तुकडा कापून घेतला, कडा कानशीनं घासल्या आणि आतून-बाहेरून पॉलिश पेपर फिरवला. कडा नीट घासल्या नाहीत तर तारेवर खरखर येते आणि ती माइकला आधी ऐकू जाते.

गिटार ओपन जीमध्ये लावा. जाड तारेपासून बारीक तारेकडे: डी, जी, डी, जी, बी, डी. सरगमच्या भाषेत पंचम, षड्ज, पंचम, षड्ज, गंधार, पंचम. त्यासाठी सहावी, पाचवी आणि पहिली अशा तीनच तारा एकेक पूर्ण स्वर, म्हणजे दोन फ्रेटइतक्या, उतरवायच्या (फ्रेट म्हणजे गिटारच्या दांडीवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या). मोकळ्या तारा छेडल्या की षड्जाची कॉर्ड तयार. स्लाइड पाचव्या फ्रेटवर धरली की मध्यमाची, सातव्यावर पंचमाची, बाराव्यावर पुन्हा षड्जाची. तुमचा गळा जीमध्ये बसत नसेल तर कॅपो, म्हणजे सगळ्या तारा एका फ्रेटवर दाबून धरणारा चिमटा, लावा. तारा १३ च्या सेटच्या (सगळ्यात बारीक तार ०.०१३ इंचाची) घ्या, कारण सैल, बारीक तार स्लाइडखाली दबून फ्रेटवर आपटते. त्याच कारणासाठी तारांची उंचीही थोडी वाढवून घ्या.

हाताचं सगळ्यात मोठं काम इथे आहे, म्हणून घाई करू नका. साध्या वादनात आपण बोट दोन फ्रेटच्या मध्ये ठेवतो. स्लाइडनं तसं केलं तर सूर उतरलेला येतो. स्लाइड फ्रेटच्या पट्टीच्या बरोबर वर, तिला समांतर हवी, आणि तारेला नुसती टेकलेली, दाबलेली नाही. मी ती करंगळीत घालतो, म्हणजे बाकीची तीन बोटं स्लाइडच्या मागे तारांवर अलगद पसरता येतात. ही बोटं टेकवली नाहीत तर स्लाइडच्या मागचा तारेचा भागही कुजबुजत राहतो. उजव्या हातानंही हव्या त्या तारेशिवाय बाकीच्या दाबून ठेवा. स्लाइड वाजवणाऱ्याचं निम्मं कसब तारा गप्प ठेवण्यात असतं.

मग तिसऱ्या तारेवर तिसऱ्या आणि चौथ्या फ्रेटच्या मधली जागा शोधा. तिसऱ्यावर कोमल गंधार आहे, चौथ्यावर शुद्ध. ब्लूजचा गंधार या दोघांच्या मध्ये कुठेतरी असतो आणि तो प्रत्येक वेळी खालून सरकत यावा लागतो. आपल्या कानाला मींड ठाऊक आहे, हा आपला मोठा आधार. ब्रिजभूषण काबरा यांनी गिटार आडवी ठेवून स्लाइडनं हिंदुस्थानी राग वाजवले. ते ऐका आणि एका सुरावरून दुसऱ्यावर जायला ते किती वेळ घेतात ते बघा. मी महिनाभर रोज अर्धा तास हा एकच गंधार लावत बसलो होतो, सोबत तंबोऱ्याचं ॲप लावून.

रेकॉर्डिंगला दोन चॅनेलचा साधा ऑडिओ इंटरफेस (माइक आणि गिटार लॅपटॉपला जोडणारी पेटी), एक कंडेन्सर माइक, बंद हेडफोन आणि लॅपटॉप पुरतो. मी रीपर हे रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर वापरतो. २४ बिट, ४८ किलोहर्ट्झ ठेवा, आणि वाजवताना पातळी उणे १२ डीबीच्या (डेसिबलच्या) वर जाऊ देऊ नका.

आमच्याकडे मेमध्ये पारा ४५ च्या आसपास जातो. पंखा किंवा कूलर बंद करून दुपारी कोणी वाजवू शकत नाही, आणि चालू ठेवला तर घरघर येते. म्हणून मी पहाटे चारला उठून रेकॉर्ड करतो. गिटार कूलरच्या झोतात ठेवू नका, ओल धरून तिची दांडी वाकते आणि सूर सारखे हलतात. भिंतींचा आवाज घुमू नये म्हणून दोरीवर आईनं शिवलेल्या दोन गोधड्या माइकच्या मागे आणि माझ्या मागे टांगतो. माइक बाराव्या फ्रेटसमोर, एक वीत अंतरावर. तो गिटारच्या भोकासमोर धरला तर नुसता घुमारा मिळतो.

इलेक्ट्रिक गिटारचा सिंगल कॉइल पिकअप (तारांची थरथर पकडणारं एकाच वेटोळ्याचं चुंबक) असेल तर ५० हर्ट्झचा गुणगुणाट येतो. लॅपटॉपपासून लांब बसा आणि गिटारसकट हळूहळू गोल फिरा. एका दिशेला तो जवळजवळ नाहीसा होतो, तिथेच तोंड करून वाजवा. घरातल्या वायरिंगचं अर्थिंगही एकदा वायरमनकडून तपासून घ्या.

ठेक्यासाठी मी जेवायचा लाकडी पाट जमिनीवर ठेवून त्यावर टाच मारतो आणि माइक पाटाजवळ खाली धरतो. वर डब्यात मूठभर ज्वारी घालून शेकर. क्रम असा: पाट, शेकर, बास, साधी ऱ्हिदम गिटार दोनदा वेगवेगळी वाजवून, मग गळा आणि सगळ्यात शेवटी स्लाइड. तिला उत्तर द्यायचंय, तर प्रश्न आधी रेकॉर्ड झालेला हवा. स्लाइडचे तुकडे जोडून टेक तयार करू नका. एक अख्खं आवर्तन एका दमात वाजवा, चुकलं तर ते आवर्तन पुन्हा.

मिक्सिंगची सुरुवात एकही प्लगइन, म्हणजे आवाज बदलणारा जोड-प्रोग्रॅम, न लावता करा. सगळं मोनोत (डावं-उजवं न करता) ठेवा आणि फक्त फेडरनं, म्हणजे आवाजाच्या सरकत्या बटणानं, तोल साधा. आधी पाट आणि बास, मग गळा, मग बाकी. हा तोल जमला की स्लाइडमधून १०० हर्ट्झच्या खालचं कापा. ती कानाला टोचते ती बहुधा अडीच ते चार किलोहर्ट्झच्या पट्ट्यात. तिथे दोन-तीन डीबी कमी करा, जास्त केलं तर धातूचा जीवच जातो. कॉम्प्रेसर (मोठा आवाज आपोआप आवरणारा) तीनास एक, अटॅक, म्हणजे तो आवरायला घेतो तो वेळ, २५ मिलिसेकंदांच्या आसपास, म्हणजे तारेचा पहिला ठोका निसटून पुढे येतो. मिनिटाला ११५ ठोक्यांच्या लयीत एक ठोका ५२२ मिलिसेकंदांचा. शफलचा लांब भाग त्याच्या दोन तृतीयांश, ३४८. स्लाइडला हा ३४८ मिलिसेकंदांचा डिले (उशिरा परत येणारा आवाज) अगदी हलका लावा, त्याचा प्रतिध्वनी ठेक्यातच पडतो. रिव्हर्ब (खोलीसारखा घुमणारा आवाज) एकच, आखूड, सर्वांना मिळून. लांब रिव्हर्बनं गाडी थांबल्यासारखी वाटते.

आता गाडीचा प्रश्न. चालत्या गाडीत टायर आणि इंजिनचा घरघराट खालचे सूर गिळून टाकतो. खोलीत भरदार वाटणारा बास मुकटीच्या पुढे गेलो की गायब व्हायचा. मी आधी बासचा आवाज वाढवत राहिलो आणि गाणं चिखलात रुतल्यासारखं झालं. उपाय वेगळा निघाला: बासला थोडं डिस्टॉर्शन द्या, म्हणजे त्याचा आवाज किंचित खरखरीत करा. त्यामुळे १५० ते ४०० हर्ट्झमध्ये त्याचे वरचे स्वर उमटतात आणि त्यांवरून कान खालचा सूर ओळखून घेतो. गळ्याच्या हळू ओळीही घरघराटात बुडतात, म्हणून त्या ओळींचा आवाज हातानं, ओळ न ओळ, वर आणा.

पॅनिंगमध्येही, म्हणजे कोणता आवाज डावीकडे आणि कोणता उजवीकडे ते ठरवताना, गाडी लक्षात ठेवा. आपल्याकडे चालवणारा उजवीकडे बसतो, उजवा स्पीकर त्याच्या गुडघ्याशी आणि डावा लांब. ऱ्हिदमच्या दोन गिटारी डाव्या-उजव्या टोकांना ठेवल्या तरी चालतात, पण स्लाइड मी मध्यापासून थोडीशीच डावीकडे ठेवतो, गळा बरोबर मध्ये. पूर्ण डावीकडे टाकलेलं वाद्य चालकाला अर्धंच ऐकू येतं.

शेवटी लिमिटरनं (ठरावीक पातळीच्या वर आवाज जाऊ न देणाऱ्या प्लगइननं) शिखर उणे १ डीबीवर थांबवा. स्पॉटिफाय गाणी साधारण उणे १४ एलयूएफएसला (एलयूएफएस हे गाण्याचा एकूण मोठेपणा मोजायचं एकक) आणून वाजवतं, त्यामुळे ठासून मोठं केलेलं गाणं तिथे परत खाली येतं आणि ठेक्याची धार मात्र गेलेली असते.

वेव्ह फाइल पेनड्राइव्हवर घ्या आणि गाडी दुसऱ्याला चालवायला द्या. मी मावसभावाला सोबत घेतो, तो चालवतो, मी मागे वही घेऊन बसतो. एकदा काचा खाली, एकदा काचा वर आणि एसी चालू. त्याच आवाजाला एखादं आवडतं जुनं ब्लूज गाणं लावून तुलना करा. वहीत फक्त वेळ आणि तक्रार लिहा: १.१२ ला शेकर टोचतो, २.०५ ला शब्द बुडाला. एका फेरीत तीनपेक्षा जास्त बदल करू नका, आणि प्रत्येक फाइलच्या नावात तारीख टाका.

आताच्या गाण्याच्या नऊ फाइल झाल्या. नवव्या फेरीत बांभोरीच्या पुलावर सातवं आवर्तन सुरू झालं, पुलाच्या सांध्यांचे ठोके खालून येत होते आणि मला वहीत लिहायला काही सापडलं नाही. घरी पोचलो तेव्हा आई जागी होती. तिला गाडीतच बसवून पुन्हा पहिल्यापासून लावलं.