गेटपासून पीएफपर्यंत : ट्रान्स सहकाऱ्याचं ट्रान्झिशन आणि एचआरची कामं

एचआरमध्ये नव्याने आलेल्यांसाठी हे लिहितेय. कर्मचाऱ्याचं ट्रान्झिशन (जन्मावेळी नोंदलेलं लिंग सोडून स्वतःच्या लिंगओळखीने जगायला लागणं) म्हटलं की वरिष्ठांना पहिल्यांदा सुचतं ते सेन्सिटायझेशन सेशन, म्हणजे बाकीच्यांना समजावणारं व्याख्यान. पाहुणा वक्ता, प्रोजेक्टर, शेवटी चहा-समोसे. जरूर करा. पण माणूस टिकणार की राजीनामा देणार, हे माझ्या पाहण्यात गेटवर, पंचिंग मशीनसमोर, कंपनीच्या बसमध्ये आणि टॉयलेटच्या दारात ठरतं. आणि ही सगळी खाती फिरून आपल्याच टेबलावर येतात.

मी तेव्हा चाकणच्या पट्ट्यात, गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात होते. साल २०२३. क्वालिटीमधल्या एका इंजिनिअरने वेळ मागून घेतली आणि सांगितलं की ती ट्रान्स स्त्री आहे, हार्मोनचे उपचार चालू आहेत आणि यापुढे कामावर स्त्री म्हणूनच यायचं आहे. (तिच्या संमतीने लिहितेय, ओळख पटेल असे तपशील गाळून.)

या पहिल्या भेटीत आपण कमी बोलायचं. विचारायचं ते एवढंच: नवं नाव कुठल्या तारखेपासून वापरायचं, तोपर्यंत कोणाकोणाला कळलेलं चालेल आणि बाकीच्यांना कोण सांगणार, ती की आपण. "ऑपरेशन कधी?" हा प्रश्न आपला नाही. वैद्यकीय रजेचा अर्ज आला तर तो इतर कुठल्याही वैद्यकीय रजेसारखाच मंजूर करायचा. पुढे ट्रान्स शिक्षिका जेन कौशिक यांच्या खटल्यातल्या १७ ऑक्टोबर २०२५ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानेही स्पष्ट केलं, की कामाचं स्वरूपच लिंगओळखीवर बेतलेलं असेल तेवढं सोडून, अशा शस्त्रक्रियेसाठी मालकाची परवानगी घ्यावी लागत नाही.

कागदांचे दोन ढीग करा. ज्याला सरकारी पुरावा लागत नाही ते पहिल्या ढिगात: ईमेल, आयकार्ड, इंटरकॉमची यादी, लॉकरवरची पट्टी, व्हिजिटिंग कार्ड. हे ठरलेल्या तारखेला सकाळी बदललेलंच असलं पाहिजे. आमच्याकडे आयटीवाले म्हणाले, "आधी आधार बदलून आणा." कशाला? लग्नानंतर मुली आडनाव बदलून घेतात तेव्हा त्यांचा ईमेल एका मेलवर बदलतोच की!

पंचिंग मशीन मात्र विसरू नका. कार्ड दाखवलं की स्क्रीनवर नाव झळकतं आणि मागे पाळीची पन्नास माणसं रांगेत असतात. तसंच शॉपफ्लोअरवरच्या बोर्डावरचा फोटोसकट स्किल मॅट्रिक्स (कोणाला कुठलं काम येतं त्याचा तक्ता), आग लागल्यास कोणी काय करायचं त्याची यादी, प्रथमोपचारवाल्यांची नावं. मी वही घेऊन सगळ्या प्लँटमधून चालत गेले आणि जुनं नाव जिथे जिथे लावलेलं दिसलं ते टिपून घेतलं. कॉम्प्युटरवर शोधून यातलं निम्मंही सापडलं नसतं. जुन्या तपासणी अहवालांवरच्या सह्यांना मात्र हात लावायचा नाही, ऑडिटला ते जसेच्या तसे लागतात. नव्या तारखेपासून नव्या सहीचा नमुना नोंदवून घेतला की काम भागतं.

दुसऱ्या ढिगात पगार, पॅन, पीएफ, विमा. याची सुरुवात जिल्हाधिकाऱ्यांच्या ओळख प्रमाणपत्रापासून होते. आमच्या वेळी २०१९ च्या ट्रान्सजेंडर व्यक्ती (हक्कांचे संरक्षण) कायद्याच्या कलम ६ खाली ट्रान्सजेंडर व्यक्तींसाठीच्या नॅशनल पोर्टलवर प्रतिज्ञापत्रासह अर्ज करावा लागे, त्यासाठी वैद्यकीय तपासणी नव्हती. त्या प्रमाणपत्रावर 'ट्रान्सजेंडर' अशी नोंद होई. स्त्री किंवा पुरुष अशी नोंद हवी तर शस्त्रक्रियेनंतर कलम ७ खाली वेगळा अर्ज. अशा नियमांत बदल होत असतात, म्हणून माझ्या आठवणीवर जाऊ नका. कोणाला सांगण्याआधी त्या दिवशीचा मजकूर स्वतः वाचा. मग आधार, पॅन, बँक आणि शेवटी यूएएन, म्हणजे पीएफचा कायमचा क्रमांक. पीएफमधलं नाव आणि लिंग आधारशी जुळलं नाही तर क्लेम अडकतो, म्हणून तिथे आमच्या वेळी कर्मचारी आणि कंपनी दोघांचं जॉइंट डिक्लेरेशन लागे. आमच्या पेरोल सॉफ्टवेअरमध्ये लिंगाचे दोनच पर्याय होते. तिसरा घालून घ्यायला विक्रेत्याच्या किती मागे लागावं लागलं ते विचारू नका.

गेट. तिन्ही पाळ्या सुटताना आमच्याकडे अंगझडती होते, पुरुषांची रांग वेगळी, बायकांची वेगळी. सिक्युरिटी कंत्राटदाराची, गार्ड सारखे बदलणारे. म्हणून तिची तपासणी महिला गार्डच करेल असं पत्र एजन्सीच्या सुपरवायझरला दिलं आणि गार्डरूमच्या ड्यूटी रजिस्टरमध्येही लिहून घेतलं. प्लँट हेडला सांगायला सगळेच धावतात. गार्ड, कँटीनवाला आणि बसचा ड्रायव्हर यांना सांगायचं राहून जातं, आणि रोज गाठ पडते ती यांच्याशीच.

टॉयलेटवर सगळ्यात जास्त चर्चा झाली. त्याच कायद्याखालच्या २०२० च्या नियमांप्रमाणे आस्थापनेने समान संधी धोरण प्रसिद्ध करायचं असतं आणि त्यात युनिसेक्स टॉयलेटसारख्या सोयी, वाहतूक आणि सुरक्षा यांचा उल्लेख यावा लागतो. आम्ही ऑफिसच्या मजल्यावर एक स्वतंत्र टॉयलेट सर्वांसाठी खुलं केलं, पण तिने तिथेच जावं असं म्हटलं नाही. असेंब्लीतल्या दोघी-तिघींनी कुरकुर केली. त्यांच्याशी मी न बोलता लाइनवरच्या सगळ्यात जुन्या ताई बोलल्या, जेवणाच्या सुट्टीत, बंद खोलीत न बोलावता. त्यातूनही ज्यांना अवघड वाटत होतं त्यांनी वरचं टॉयलेट वापरावं, असं ठरलं. अडचण ज्याची, पर्यायही त्याला. हे उलटं केलंत की तुम्ही तिलाच वेगळं काढलंत.

टीमला तिने स्वतः चार ओळींचा मेल लिहिला आणि त्या दिवशी मुद्दाम रजा घेतली. मॅनेजरने सकाळच्या मीटिंगमध्ये तो वाचला आणि लगेच रिजेक्शनच्या, म्हणजे बाद झालेल्या मालाच्या, आकड्यांकडे वळला. मला हे फार आवडलं. बोलताना आपल्याकडे क्रियापदच लिंग सांगतं, त्यामुळे "तो आला" तोंडातून निघायचंच. "आली" म्हणून दुरुस्त करायचं आणि पुढे बोलायचं. भर शॉपमध्ये दहा वेळा माफी मागणाऱ्यांनी तिला जास्त अवघडून टाकलं.

मेडिक्लेमची पॉलिसी नूतनीकरणाच्या आधी वाचा. प्रमाणित अपवादांच्या यादीत 'एक्सेल ०७' असतो, त्यात लिंगबदलाचे उपचार वगळलेले असतात. ग्रुप पॉलिसीत तो काढून घेण्यासाठी घासाघीस करता येते, पण ती नूतनीकरणाच्या टेबलावर. मधल्या काळात कोणी ऐकत नाही.

तक्रार अधिकारी त्याच २०१९ च्या कायद्याच्या कलम ११ प्रमाणे नेमावा लागतो आणि त्याने पंधरा दिवसांत चौकशी करायची असते. पॉशची (कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या कायद्याची) समिती आहे म्हणून हे पद टाळता येत नाही.

पुढे ती दुसऱ्या कंपनीत गेली, चांगल्या पगारावर. अनुभवपत्र अर्थातच नव्या नावाने दिलं, नोकरीच्या पहिल्या दिवसापासूनचं. खरी काळजी असते ती नंतर येणाऱ्या बॅकग्राउंड व्हेरिफिकेशनच्या फोनची. जुनं नाव असलेली फाइल मी सीलबंद करून वेगळ्या कपाटात ठेवली आणि रिसेप्शनपासून अकाउंट्सपर्यंत सगळ्यांना सांगून ठेवलं: नाव, हुद्दा, तारखा एवढंच सांगायचं, कोणी "आधीचं नाव काय होतं" विचारलं तर लेखी मेल एचआरला पाठवा म्हणायचं आणि फोन ठेवायचा.