‘ब्रेम्सश्ट्रालुंग’ या शब्दाचा विग्रह कसा करावा

जर्मन वैज्ञानिक समासाची फोड शेवटाकडून करावी. आपल्या तत्पुरुषाप्रमाणेच तेथेही अंत्यपद प्रधान असते आणि साऱ्या समासाचे लिंग तेच ठरवते. ‘ब्रेम्सश्ट्रालुंग’ या भौतिकशास्त्रातील जर्मन शब्दामधील ‘श्ट्रालुंग’ म्हणजे प्रारण (रेडिएशन). ‘उंग’ हा क्रियापदापासून नाम घडवणारा प्रत्यय असून अशी नामे स्त्रीलिंगी असतात. तो काढल्यावर उरणाऱ्या ‘श्ट्राल’चा आजचा अर्थ किरण असला, तरी जुन्या जर्मनमध्ये तो बाण होता.

यानंतर सांधा शोधावा, कारण बहुतेक चुका तेथेच होतात. लेखनात मध्ये दोन ‘एस’ लागोपाठ येत असल्यामुळे पहिला ‘एस’ केवळ पदे जोडण्यापुरता असावा, असे वाटते. असा जोडवर्ण जर्मनमध्ये आहे खरा, आणि ‘श्ट्रालुंग्सड्रुक’ म्हणजे प्रारणदाब या शब्दात ‘उंग’नंतर तोच आला आहे, येथे मात्र तो ‘ब्रेम्झेन’, म्हणजे ब्रेक लावणे, या क्रियापदाच्या मुळातलाच आहे. डोळा फसला तर कानाची मदत घ्यावी: पदारंभीच्या ‘स्ट’चा उच्चार ‘श्ट’ होत असल्याने दुसरे पद कोठे सुरू होते ते ऐकताच कळते.

कोश पाहताना ‘ब्रेम्झे’ हे नाम दोनदा आढळेल. एकाचा अर्थ ब्रेक. तो दाबण्याच्या अर्थाच्या शब्दातून आला असून पूर्वी घोड्याच्या नाकाला लावायच्या चिमट्यालाही हेच नाव होते. दुसरी आहे गोमाशी, आणि तिचे नाव तिच्या गुणगुणण्यावरून पडले. तिला येथे आणू नये.

शेवटी पदांतील संबंध ठरवावा. तो समासात लिहिलेला नसतो, भौतिकशास्त्रातूनच शोधावा लागतो. ‘काटोडेनश्ट्रालेन’ म्हणजे कॅथोडपासून (ऋण विद्युतअग्रापासून) निघणारे किरण, तर ‘कानालश्ट्रालेन’ म्हणजे कॅथोडच्या छिद्रांतून पलीकडे गेलेले किरण. जर्मन भौतिकशास्त्रज्ञ गोल्डश्टाइनने 1886 मध्ये वर्णिलेले ते हेच. ‘ब्रेम्सश्ट्रालुंग’मध्ये वेगवान इलेक्ट्रॉन अणुकेंद्रकाच्या विद्युत क्षेत्रात मंदावतो आणि त्याने गमावलेली ऊर्जा प्रारणरूपाने बाहेर पडते. क्ष-किरण नळीतील अखंड वर्णपट असाच तयार होतो. म्हणून ‘ब्रेक लागल्यामुळे निघालेले प्रारण’ असा विग्रह करावा. मराठीत ‘रोधक प्रारण’ म्हटल्यास प्रारणच कशाला तरी अडवते असा उलटा अर्थ निघतो, त्यापेक्षा ‘मंदनजन्य प्रारण’ बरे.