शिकवण्यासाठी सगळं माफ? कॉपीराइटच्या या चुका टाळा

गॅदरिंगचा व्हिडिओ कॉलेजच्या यूट्यूब चॅनलवर चढवून चोवीस तास झाले नव्हते, तोच सांस्कृतिक विभागाचे सर मोबाइल पुढे धरून ग्रंथालयात आले. ‘मॅडम, हे बघा. आपण शैक्षणिक संस्था, तरी दावा?’ एका ग्रुप डान्सला मूळ ध्वनिमुद्रित गाणं वाजवलं होतं आणि त्या गाण्याच्या मालक कंपनीने व्हिडिओवर हक्क सांगितला होता.

पुण्यातल्या कॉलेजच्या ग्रंथालयात बसून ‘शिक्षणासाठी सगळं चालतं’ हे वाक्य मी दर टर्मला ऐकते. ते निम्मं खरं आहे, म्हणूनच जास्त घोळ घालतं. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातल्या कलम ५२ मध्ये शिक्षणासाठी खरोखर ऐसपैस सवलत आहे. पण ती संस्थेच्या पाटीला मिळालेली नाही, शिकवण्याच्या कामाला मिळालेली आहे. तोच मजकूर फाटकाबाहेर पडला की हिशोब नव्याने मांडावा लागतो.

अमेरिकेचा कायदा पुण्यात लावणं

‘फेअर यूज’च्या, म्हणजे परवानगीशिवाय चालणाऱ्या वाजवी वापराच्या, चार कसोट्या म्हणून जी यादी सगळीकडे फिरते, ती अमेरिकेची. आपल्याकडे आहे ते ‘फेअर डीलिंग’, आणि त्यात कोणती कामं बसतात ते कायद्यानेच सांगून ठेवलंय: स्वतःपुरता खासगी वापर (त्यात संशोधनही आलं), टीका-समीक्षा, चालू घडामोडींचं वार्तांकन. शिकवण्याची तरतूद याच कलमात, पण वेगळी. शिकवण्याच्या ओघात शिक्षकाने किंवा विद्यार्थ्याने काढलेली प्रत, प्रश्नपत्रिकेतला उतारा, उत्तरपत्रिकेत उतरवलेली कविता, हे सगळं तिच्यात येतं. तेव्हा सराव परीक्षेत अपठित उतारा देताना मराठीच्या बाईंनी बिचकायचं कारण नाही. त्याच बाईंनी असे पन्नास उतारे जमवून पुस्तिका काढली आणि अप्पा बळवंत चौकातल्या पुस्तकांच्या दुकानांत विकायला ठेवली, तर मात्र नियम निराळा लागतो. अशा शैक्षणिक संकलनात मुख्यतः कॉपीराइट नसलेला मजकूर हवा, उतारे छोटे हवेत आणि एका लेखकाचे दोनपेक्षा जास्त उतारे एका प्रकाशकाला पाच वर्षांत छापता येत नाहीत.

दहा टक्क्यांची दंतकथा

झेरॉक्सवाल्या काकांपासून विभागप्रमुखांपर्यंत सगळ्यांना ‘दहा टक्के चालतं’ हे पाठ असतं. आपल्या कॉपीराइट कायद्यात असा आकडा नाही. माझा संशय असा, की तो यूजीसीच्या २०१८ च्या वाङ्मयचौर्यविषयक नियमांतून इकडे घुसला. तिथे प्रबंधाचं दुसऱ्यांच्या लिखाणाशी साम्य दहा टक्क्यांपर्यंत असेल तर दंड नाही, दहा ते चाळीस टक्क्यांत सहा महिन्यांच्या आत दुरुस्त करून द्यायचं, साठ टक्क्यांच्या वर गेलं तर नोंदणीच रद्द. पण ते मोजमाप प्रबंधाचं आहे. पुस्तकाची किती पानं झेरॉक्स करावीत याच्याशी त्याचा काडीचा संबंध नाही.

झेरॉक्सबद्दल वाचायचा तो दिल्लीचा खटला. ऑक्सफर्ड, केंब्रिज आणि टेलर अँड फ्रान्सिस या प्रकाशकांनी २०१२ मध्ये दिल्ली विद्यापीठ आणि आवारातली रामेश्वरी फोटोकॉपी सर्व्हिस यांच्यावर दावा लावला. वेगवेगळ्या पुस्तकांतली प्रकरणं एकत्र बांधून ‘कोर्स पॅक’ विकतात, ही तक्रार. सप्टेंबर २०१६ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाच्या एकल न्यायाधीशांनी दावा फेटाळला. डिसेंबरमध्ये खंडपीठाने कसोटी सांगितली ती टक्क्यांची नव्हे, गरजेची: शिकवण्यासाठी जेवढं लागतं तेवढं घेतलंय का? घेतलेला मजकूर खरोखर तेवढाच होता का, हे पुराव्याने तपासायला खंडपीठाने प्रकरण परत पाठवलं, पण २०१७ मध्ये प्रकाशकांनी दावाच मागे घेतला.

म्हणून मी वाचनयादीतलं प्रकरण झेरॉक्सला द्यायला आडकाठी करत नाही. पण परवा एक मुलगा अख्ख्या संदर्भग्रंथाची स्पायरल घेऊन आला. मुखपृष्ठही रंगीत झेरॉक्स, आणि म्हणे दुकानात तयारच मिळते, विषयाचं नाव सांगायचं फक्त. न्यायालयापुढे होते ते शिक्षकांनी अभ्यासक्रमाप्रमाणे निवडलेल्या प्रकरणांचे संच. काउंटरखाली गठ्ठ्याने ठेवलेल्या या स्पायरलला त्या निकालाची छत्री पुरायची नाही. वर्गाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर पूर्ण पुस्तकाची स्कॅन केलेली पीडीएफ टाकणाऱ्या प्राध्यापकांनाही मी हेच सांगते. त्यांना ते फारसं आवडत नाही.

‘नाव दिलंय की खाली!’

ही सगळ्यात चिवट चूक. नाव न देणं म्हणजे वाङ्मयचौर्य. परवानगी न घेणं म्हणजे कॉपीराइटचा भंग. कुसुमाग्रजांची पूर्ण कविता त्यांच्या नावासकट कॉलेजच्या इन्स्टाग्राम पानावर टाकली, तर चोरीचा आळ टळला एवढंच. परवानगी काही मिळाली नाही. उलट केशवसुतांची कविता स्वतःच्या नावावर खपवली तर कॉपीराइटवाला कोणी येणार नाही, कारण ते १९०५ मध्येच गेले. पण ते वाङ्मयचौर्यच.

मुदतीचा हिशोब सोपा आहे: लेखक गेला त्याच्या पुढच्या १ जानेवारीपासून साठ वर्षं. साने गुरुजी १९५० मध्ये गेले, त्यांचं लेखन २०११ पासून खुलं. मर्ढेकर १९५६, म्हणजे २०१७ पासून खुले. कुसुमाग्रज १९९९, म्हणजे २०५९ अखेरपर्यंत थांबा. मेख आहे ती मरणोत्तर छापलेल्या लेखनात, तिथे साठ वर्षं प्रकाशनापासून मोजतात. बहिणाबाई १९५१ मध्ये गेल्या, पण कवितांचं पुस्तक आलं १९५२ मध्ये.

गाण्याला तर एकाहून जास्त मालक असतात. गीतरामायण पुणे आकाशवाणीवरून १९५५-५६ मध्ये घराघरांत गेलं, म्हणून पुणेकरांना ते आपलंच वाटतं. पण शब्द गदिमांचे, ते १९७७ मध्ये गेले. चाली सुधीर फडक्यांच्या, ते २००२ मध्ये गेले. आणि ध्वनिमुद्रणाचा हक्क आणखी तिसराच. ज्ञानेश्वरी सर्वांची खरी, पण तिच्यावर कोणी अलीकडे लिहिलेला सार्थ अनुवाद त्या अनुवादकाचा.

‘गुगलवरून साभार’

गुगल हा फोटोग्राफर नाही. शनिवारवाड्याचा फोटो ज्याने काढला त्याचा हक्क बटण दाबताक्षणी तयार होतो. नोंदणी लागत नाही, © चिन्हही लागत नाही. प्रकल्पाला चित्र हवं तर विकिमीडिया कॉमन्स या खुल्या चित्रांच्या संकेतस्थळावर शोधा आणि खालचा परवाना वाचा. ‘बीवाय’ म्हणजे श्रेय द्या, ‘एनसी’ म्हणजे पैसे कमावू नका, ‘एनडी’ म्हणजे बदल करून पुढे वाटू नका, ‘एसए’ म्हणजे बदललेलं त्याच परवान्यावर द्या.

फुकट मिळणं आणि मोकळं असणं या दोन गोष्टी आहेत. बालभारतीच्या पुस्तकांची पीडीएफ कोणीही उतरवून घ्यावी, पण पुस्तकाच्या पहिल्या पानांतच सर्व हक्क मंडळाकडे असल्याचं छापलेलं असतं. क्लासवाल्यांनी धडे जसेच्या तसे स्वतःच्या अॅपमध्ये घालून वर्गणी घेणं त्यात बसत नाही.

वर्गातलं नाटक आणि भरतमधलं नाटक

संस्थेच्या कार्यक्रमात विद्यार्थी-शिक्षकांनी नाटक केलं, गाणं म्हटलं आणि समोर विद्यार्थी, शिक्षक, पालक आणि संस्थेशी संबंधित माणसंच असली, तर कलम ५२ ची सवलत आहे. तीच एकांकिका पुरुषोत्तम करंडक या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेसाठी भरत नाट्य मंदिरात गेली की प्रेक्षक बाहेरचे. तिथे लेखकाचं परवानगीपत्र खिशात हवं. आदल्या आठवड्यात धावाधाव करण्यापेक्षा संहिता निवडतानाच पत्र मागा.

दावा आलाच, तर?

यूट्यूबवर ‘क्लेम’ आणि ‘स्ट्राइक’ वेगळे. आमच्या सरांना आला होता तो क्लेम. बहुधा जाहिरातीचे पैसे हक्कदाराकडे जातात किंवा व्हिडिओ काही देशांत दिसत नाही. चॅनल शाबूत राहतं. स्ट्राइक, म्हणजे हक्कदाराच्या मागणीवरून व्हिडिओच काढला जाणं, हे गंभीर प्रकरण, नव्वद दिवसांत तीन आले तर चॅनल बंद होऊ शकतं. व्हिडिओ ‘अनलिस्टेड’ केला, म्हणजे लिंक असेल त्यालाच दिसेल असा ठेवला, तरी क्लेम जात नाही, तो उपाय आम्ही करून बसलो. यूट्यूब स्टुडिओतच तेवढं गाणं मूक करता येतं किंवा बदलता येतं. परवानगी हातात नसताना रागाच्या भरात ‘डिस्प्यूट’, म्हणजे दाव्याला हरकत घेण्याचं बटण, दाबू नका. समोरच्याने व्हिडिओ काढायची मागणी केली तर क्लेमचा स्ट्राइक होतो.

परवानगी कशी मागायची

आतल्या पानावर © पुढे कोणाचं नाव आहे ते बघा. मराठी पुस्तकांत तिथे बरेचदा लेखकाच्या पत्नीचं किंवा मुलांचं नाव असतं. पत्रात कोणती पानं, किती प्रती, कोणासाठी, फुकट की विकत, छापील की डिजिटल, हे सगळं लिहा. ‘शैक्षणिक कामासाठी’ एवढंच लिहिलेल्या पत्राला प्रकाशक उत्तर देईलच असं नाही. आलेलं उत्तर फाइलला लावा.

कॉलेजच्या वार्षिकासाठी एका दिवंगत कवीच्या मुलीला मी असंच पत्र घातलं होतं. आठ दिवसांत पोस्टकार्ड आलं: ‘खुशाल छापा. मागे एका अंकात तिसऱ्या ओळीतला अनुस्वार खाल्ला होता, तेवढा या वेळी जपा. दोन अंक पाठवा.’ मुद्रितं मी स्वतः तपासली.