शीतनिद्रेतल्या प्राण्याचं रक्त तपासताना या चुका टाळा

शीतनिद्रेतल्या प्राण्याच्या रक्ताचे आकडे समोर आले की आधी एकच विचारा: रक्त काढलं तेव्हा त्याच्या शरीराचं तापमान किती होतं? ते ठाऊक नसेल तर तांबड्या पेशींबद्दल काही ठामपणे बोलू नका.

नेहमीची चूक अशी: अस्थिमज्जेचं (हाडांतल्या, रक्तपेशी बनवणाऱ्या मगजाचं) काम मंदावलं, म्हणजे आता प्राण्याला ॲनिमिया होणार. उत्पादन घटतं हे खरंच आहे. पण पेशी किती तयार होतात याबरोबरच किती नष्ट होतात हेही बघायला हवं, आणि थंड शरीरात नाशही मंदावतो. माणसाची तांबडी पेशी साधारण 120 दिवस जगते. शीतनिद्रा घेणाऱ्या खारी आणि हॅमस्टर यांच्यात पेशींचं हे आयुष्य त्या काळात लांबतं. ऑक्सिजनची गरजही नेहमीच्या काही टक्क्यांवर आलेली असते. मग मज्जेने नव्या पेशींवर ऊर्जा कशाला खर्चावी? हा बिघाड नाही, काटकसर आहे. शिवाय या पेशी मुळातच थंडीला टिकणाऱ्या असतात. रक्तपेढीत माणसाचं रक्त 2 ते 6 अंशांवर ठेवलं की पेशींतलं पोटॅशियम हळूहळू बाहेर झिरपतं. शीतनिद्रा घेणाऱ्या प्राण्यांच्या पेशी त्याच थंडीत पोटॅशियम कितीतरी चांगलं धरून ठेवतात.

हिमॅटोक्रिट (रक्तातला तांबड्या पेशींचा वाटा) वाढलेला दिसला की उत्पादन वाढलं असं लिहून टाकू नका. ते फक्त प्रमाण आहे. रक्तद्रव कमी झाला तरी ते वाढतं.

रेटिक्युलोसाइट मोजताना तर जास्तच जपायला हवं. उबदार शरीरात ही कोवळी पेशी रक्तात आल्यावर एक-दोन दिवसांत पक्व होते. थंडीत हीच प्रक्रिया रेंगाळते, त्यामुळे आज दिसणारी कोवळी पेशी आजच मज्जेतून आली असेल असं नाही. एका नमुन्यावर विसंबू नका, मज्जाही तपासा.

पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट यांचा नियम तांबड्यांना लावू नका. त्या दोन्ही रक्तातून सुमारे 90 टक्क्यांनी कमी होतात आणि प्राणी जागा झाला की काही तासांत परततात. इतक्या लवकर मज्जा नव्या पेशी बनवू शकत नाही. त्या शरीरातच बाजूला साठलेल्या असतात.

आणखी एक, फार नडणारी गोष्ट. छोटे प्राणी हिवाळाभर सलग थंड राहत नाहीत. दर काही दिवसांनी किंवा आठवड्यांनी ते तासाभरासाठी नव्हे, जवळपास दिवसभर उबदार होतात. नुसतं हाताळल्यानेही ते जागे होऊ लागतात. म्हणून सुई टोचण्याआधी आणि रक्त काढून झाल्यावर, दोन्ही वेळा तापमान नोंदवा.

अस्वलाचे आकडे खारीला जोडू नका. अस्वलाचं तापमान 30 अंशांच्या वरच राहतं. आर्क्टिक खारीचं शून्याच्याही खाली, उणे 2.9 पर्यंत गेल्याची नोंद आहे. रक्तवायू (रक्तातले ऑक्सिजनसारखे वायू) मोजणारी यंत्रं मात्र दोघांचाही नमुना 37 अंशांवर नेऊनच वाचतात. हिमोग्लोबिन थंडीत ऑक्सिजन जास्त घट्ट धरतं, त्यामुळे तापमानाची दुरुस्ती न करता खारीचा आकडा वापरू नका.