कोलॅबरेट कुठे वापरायचं आणि कुठे नाही: या चुका टाळा

हल्ली ऑफिसच्या मेलमध्ये, रिझ्युमेमध्ये जिथेतिथे 'कोलॅबरेट' दिसतं आणि बऱ्याचदा ते चुकीच्या जागी असतं. सगळ्यात मोठी चूक म्हणजे कोऑपरेटच्या जागी ते टाकणं. डिलिव्हरीला उशीर होणारे म्हणून कस्टमरला 'प्लीज कोलॅबरेट विथ अस' लिहिलं तर त्याला वाटेल आपल्यालाही कामाला लावतायत, तिथे कोऑपरेटच पाहिजे.

गणपती मंडळाचा देखावा घ्या. दोघांनी मिळून कल्पना काढली आणि दोघांनी उभा केला, ते कोलॅबरेट. सोसायटीवाल्यांनी मांडवासाठी गाड्या हलवल्या, ते कोऑपरेट, कारण देखाव्यात त्यांचं काही नाही, त्यांनी फक्त अडवलं नाही. आणि लाईटवाला कधी, मूर्ती कधी, हे जो फोनवर जुळवत बसतो तो कोऑर्डिनेट करतो (खरं तर सगळ्यात जास्त दमतो तोच). म्हणून रिझ्युमेत नुसते रिपोर्ट पाठवले असतील तर 'असिस्टेड' लिहा, कोलॅबरेटेड लिहिलंत की इंटरव्ह्यूत 'यात तुमचा भाग कोणता' हे विचारणारच.

दुसरी गडबड पुढच्या शब्दाची. आपण 'प्रोजेक्टमध्ये' म्हणतो म्हणून इंग्रजीत 'इन द प्रोजेक्ट' येतं. माणसासाठी विथ, कामासाठी सहसा ऑन: 'आय कोलॅबरेटेड विथ द डिझाइन टीम ऑन द न्यू वेबसाइट.' विथ गाळून 'कोलॅबरेटेड हिम' किंवा ऑन गाळून 'कोलॅबरेटेड अ प्रोजेक्ट' असं होत नाही. 'कोलॅबरेट टुगेदर' पण नको, लॅटिनमधून आलेल्या या शब्दात 'सोबत' आणि 'काम' दोन्ही आधीच आहेत.

आता जे फार कमी जण सांगतात ते. युद्धाच्या संदर्भात हाच शब्द शिवीसारखा आहे. 1940 मध्ये जर्मनीने फ्रान्सला हरवल्यावर तिथल्या व्हिशी सरकारचा (हरल्यानंतर फ्रान्समध्ये आलेलं, जर्मनीशी जुळवून घेणारं सरकार) प्रमुख मार्शल पेताँ याने हिटलरची भेट घेतली आणि रेडिओवरून कोलॅबरेशनचा मार्ग जाहीर केला, तेव्हापासून शत्रूला सामील झालेला तो कोलॅबरेटर, म्हणजे आपल्याकडचा फितूर. त्यामुळे इतिहासावर किंवा राजकारणावर लिहिताना एखाद्याने ब्रिटिशांसोबत काम केलं एवढंच सांगायचं असेल तर साधं 'वर्क्ड विथ' लिहा, नाहीतर नकळत आरोप होतो. गाण्यात, रिसर्चमध्ये, व्हिडिओत मात्र कोलॅबरेटर बिनधास्त लिहा, तिथे तो मानाचा शब्द आहे.

बोलताना जोर 'लॅ' वर द्या. स्पेलिंगमध्ये एल दोनदा, आणि ब्रिटिश 'लेबर'मध्ये यू असला तरी इथे तो घालायचा नाही.