शेगडी पेटत नाही तेव्हा दोष कसा शोधावा

गॅसची शेगडी पेटली नाही की बहुतेक घरांत नॉब तसाच उघडा ठेवून लायटर पुन्हा पुन्हा दाबला जातो, आणि खरा धोका त्या अर्ध्या मिनिटातच तयार होतो. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असल्यामुळे तो वर निघून न जाता ओट्यावरून खाली उतरतो आणि जमिनीलगत साचतो. मग सातव्या-आठव्या प्रयत्नाला ठिणगी पडली की बर्नर पेटण्याऐवजी साचलेला गॅस भडकतो. म्हणून तीन-चार सेकंदांत ज्योत आली नाही तर नॉब बंद करावा, दारे-खिडक्या उघडाव्यात आणि निदान पाच मिनिटे थांबावे. जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो आणि झळा टाळण्यासाठी आपण स्वयंपाकघराच्या खिडक्याही लावून घेतो, त्या दिवसांत तर ही पाच मिनिटे कोणत्याही कारणाने टाळू नयेत.

या गॅसला स्वतःचा वास नसतो. गळती कळावी म्हणून त्यात उग्र वासाचे रसायन मिसळलेले असते. सगळे नॉब बंद असूनही तो वास येत असेल, तर दोष शोधत बसू नये. रेग्युलेटर बंद करून टाकीला सुरक्षा टोपी लावावी, विजेचे कोणतेही बटण चालू किंवा बंद करू नये, पंखा सुरू करून वास घालवण्याचा विचारही करू नये, घरातल्या सर्वांना बाहेर काढावे आणि बाहेर आल्यावर १९०६ या चोवीस तास चालणाऱ्या क्रमांकावर कळवावे.

वास नसेल, तर आधी एवढेच पाहावे की एकच बर्नर पेटत नाही की सगळेच पेटत नाहीत. सगळेच बंद असतील तर दोष टाकी, रेग्युलेटर किंवा नळीत असतो. एकच बंद असेल तर तो त्या बर्नरमध्ये किंवा त्याच्या जेटमध्ये, म्हणजे बर्नरला गॅस सोडणाऱ्या बारीक भोकाच्या तोटीत असतो. आणि काडीने पेटत असेल पण बटणाने पेटत नसेल, तर गॅसचा मार्ग ठीक असून ठिणगीची सोय बिघडलेली असते. एवढे ठरले की निम्मे काम झाले.

टाकीत गॅस आहे की नाही हे हलवून पाहण्यापेक्षा ओल्या फडक्याने टाकी वरपासून खालपर्यंत पुसावी. द्रवरूप गॅस जिथपर्यंत आहे तिथपर्यंतचा भाग थंड राहतो आणि उशिरा वाळतो, त्यामुळे पातळी डोळ्यांना दिसते. हिवाळ्यात, विशेषतः धुळे-साक्रीकडे पहाटे पारा दहाच्या खाली उतरतो तेव्हा, संपत आलेल्या टाकीतील गॅसची वाफ हळू होते आणि सकाळी मंद जळणारी शेगडी दुपारी बरी चालते. अशा वेळी टाकी गरम पाण्यात ठेवणे किंवा आडवी करणे हे दोन्ही उपाय अनेक घरांत केले जातात आणि दोन्ही अत्यंत धोक्याचे आहेत; आडव्या टाकीतून वाफेऐवजी द्रव गॅस रेग्युलेटरमध्ये शिरतो.

टाकी नुकतीच बदलली असेल तर रेग्युलेटर नीट बसला आहे का आणि टाकीच्या तोंडात काळे रबरी वॉशर जागेवर आहे का, हे पाहावे. नळी शेगडीच्या मागे दुमडलेली किंवा टाकीखाली दबलेली नसावी. धान्याच्या कोठीजवळ टाकी ठेवलेल्या घरांत उंदीर नळी कुरतडतात, म्हणून ती पूर्ण लांबीभर हाताने चाचपावी. तिच्यावर छापलेली मुदत संपली असेल, तर ती चांगली दिसत असली तरी बदलावी.

एकच बर्नर पेटत नसेल तर आपल्याकडचे सर्वांत नेहमीचे कारण भरीत हे असते. शेतात कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजली तर रस राखेत जातो, पण घरी तीच वांगी थेट बर्नरवर ठेवल्यावर फुटलेल्या सालीतून गळणारा रस आणि लावलेले तेल बर्नरच्या भोकांत जळून घट्ट बसते. उतू गेलेले दूधही तेच करते. बर्नर पूर्ण थंड झाल्यावर त्याची पितळी टोपी काढावी, गरम पाण्यात थोडा सोडा टाकून अर्धा तास भिजवावी, जुन्या दातांच्या ब्रशने घासावी आणि प्रत्येक भोक बारीक पिनने मोकळे करावे. त्यानंतर ती उन्हात खडखडीत वाळवावी; भोकांत राहिलेले पाणी खरकट्याइतकेच आड येते, आणि सणासाठी धुतलेली शेगडी दुसऱ्या दिवशी पेटत नाही त्याचे कारण बहुधा तेच असते. टोपी परत बसवताना ती खाचेत सपाट बसली पाहिजे, किंचित तिरकी राहिली तरी ज्योत एका बाजूने येते किंवा मुळीच धरत नाही.

मळ्यातल्या खोलीत महिनोन् महिने बंद राहिलेल्या शेगडीत वेगळाच अडथळा सापडतो. बर्नरखालच्या नळीत कुंभारीण माशी मातीचे घर करते किंवा कोळी जाळे विणतो, आणि गॅस व हवा यांचे मिश्रण वरपर्यंत पोहोचतच नाही. ही नळी लांब ब्रशने साफ करता येते. तिच्या टोकाशी असलेल्या जेटला मात्र सुई लावू नये, असे माझे ठाम मत आहे. त्याचे भोक केसभर जरी मोठे झाले तरी ज्योत पिवळी होते, भांडी काळी पडतात आणि गॅस वाया जातो. दुरुस्तीवाल्याकडे त्याच्या मापाची पिन असते, ते काम त्यालाच करू द्यावे.

खानदेशातल्या कितीतरी घरांतली माणसे सुरतेला राहतात आणि तिकडची शेगडी गावी येते. सुरतेत पाइपचा नैसर्गिक वायू वापरला जातो, त्यासाठीच्या जेटचे भोक मोठे असते. अशी शेगडी टाकीला तशीच जोडली, तर ज्योत उंच, पिवळी आणि काजळीची येते. उलट टाकीची शेगडी तिकडे नेली तर ती मंद जळते किंवा विझते. जेट बदलल्याशिवाय ती जोडूच नये.

उन्हाळ्यात बर्नर पेटतो आणि लगेच विझतो अशी तक्रार असेल, तर आधी कूलर बंद करून पाहावा. त्याचा झोत ओट्यापर्यंत येत असेल तर ज्योत बर्नरवरून उचलली जाते. काही नव्या शेगड्यांत ज्योत विझल्यास गॅस आपोआप बंद होण्याची सोय असते. त्यांत पेटल्यावर काही सेकंद नॉब दाबून धरावा लागतो. एवढे करूनही हात काढताच विझत असेल, तर ज्योतीजवळचा बारीक धातूचा दांडा काजळलेला असतो. तो थंड असताना कोरड्या फडक्याने पुसावा.

ठिणगीचा दोष तपासताना रेग्युलेटर बंद ठेवून स्वयंपाकघरात अंधार करावा आणि बटण दाबावे. टकटक ऐकू येते पण निळी ठिणगी बर्नरवर उडत नसेल, तर टोकाभोवतीची पांढरी चिनी मातीची नळी ओली, तेलकट किंवा तडकलेली असते. आवाजच येत नसेल तर बॅटरी बदलावी.

गॅसच्या गिझरची कथा थोडी निराळी आहे, कारण तो पाण्याच्या दाबावर पेटतो. गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीला लागून असलेल्या सर्वांत वरच्या मजल्यावर दाब कमी पडतो, आणि बोअरच्या जड पाण्याने आत येणाऱ्या पाण्याची जाळी क्षारांनी भरली तरी तसेच होते. आधी बॅटऱ्या बदलाव्यात, मग ही जाळी काढून लिंबाच्या किंवा व्हिनेगरच्या पाण्यात भिजवावी. मात्र न्हाणीघरातच बसवलेला गिझर पेटत नसेल, तर तो दुरुस्त करण्याआधी बाहेर हलवावा. कोंडलेल्या जागेत तो कार्बन मोनॉक्साइड सोडतो, या वायूला ना रंग ना वास, आणि आत आंघोळ करणाऱ्या माणसाला चक्कर येण्यापूर्वी काहीही कळत नाही.

हे सर्व पाहूनही शेगडी पेटली नाही, किंवा नॉब सैल झाला आहे, फिरवताना अडकतो आहे असे आढळले, तर नॉबखालचा कॉक, म्हणजे गॅस चालू-बंद करणारी झडप, घरी उघडू नये. दुरुस्तीवाला काम करून गेल्यावर प्रत्येक जोडाला साबणाच्या पाण्याचा फेस लावावा आणि बुडबुडे येतात का ते पाहावे. काडी ओढून गळती तपासणाऱ्याला तिथेच थांबवावे.