अमेरिकेत कॉलेज आइस हॉकीचे सहायक प्रशिक्षक कसे व्हावे

सहायक प्रशिक्षकाचा निम्मा हिवाळा गाडीत आणि परगावच्या रिंकमधल्या गारठलेल्या बाकांवर जातो. हे आधीच सांगते, कारण या वाटेला लागणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर शुक्रवार-शनिवारचे सामने असतात. ऑक्टोबर ते एप्रिलच्या हंगामात ते असतातच, पण नोकरी टिकते ती उरलेल्या पाच दिवसांच्या कामावर.

आपण मोठे खेळाडू नव्हतो म्हणून मागे सरू नका. डेव्हिड कार्ल यांना 2008 साली, वयाच्या अठराव्या वर्षी, हृदयाचे स्नायू जाड होण्याचा आजार असल्याचे कळले आणि खेळणे कायमचे थांबले. डेन्व्हर विद्यापीठाने त्यांची शिष्यवृत्ती चालू ठेवली, ते विद्यार्थी असतानाच प्रशिक्षकांच्या हाताखाली काम करू लागले. पुढे ग्रीन बेच्या ज्युनिअर (कॉलेजात जाण्याआधीच्या वयाच्या) संघात दोन हंगाम सहायक, मग 2014 पासून डेन्व्हरमध्येच सहायक आणि 2018 मध्ये, अवघ्या 28व्या वर्षी, मुख्य प्रशिक्षक. 2022 आणि 2024 ची राष्ट्रीय विजेतेपदे त्यांच्या संघाची आहेत.

तेव्हा पहिली पायरी तीच: कॉलेजात असतानाच संघाच्या कामाला लागा. सामन्याचे व्हिडिओ कापा, सरावाला पक (खेळायची रबरी चकती) आणि शंकू मांडा, मिळेल ते करा. पूर्वी डिव्हिजन 1 मध्ये, म्हणजे कॉलेज खेळांच्या सर्वांत वरच्या गटात, बिनपगारी प्रशिक्षकाची स्वतंत्र जागा असे आणि तिथून अनेकजण आत शिरत. ती सोय 2023 मध्ये बंद झाली, म्हणून विद्यार्थीदशेतली ही वर्षे आता जास्त मोलाची आहेत. पदवी मात्र पूर्ण करा; तिच्याविना कॉलेजात नोकरी मिळणे अवघड.

सोबत यूएसए हॉकी या राष्ट्रीय संघटनेचे प्रशिक्षकांचे अभ्यासक्रम सुरू करा. ते पातळ्यांमध्ये विभागलेले आहेत. लहान मुलांच्या संघावर उभे राहायचे तर पार्श्वभूमी तपासणी आणि मुलांच्या सुरक्षिततेचे प्रशिक्षणही लागते. उन्हाळी शिबिरांत आठ-दहा वर्षांच्या मुलांना शिकवा. वळताना कोणत्या पायावर भार घ्यायचा हे लहान मुलाला समजावता आले, की वीस वर्षांच्याला समजावणे जड जात नाही.

पहिली पगारी नोकरी बहुधा डिव्हिजन 3 मध्ये किंवा ज्युनिअर लीगमध्ये मिळेल. तिला कमी लेखू नका. डिव्हिजन 3 मध्ये खेळासाठी शिष्यवृत्ती देताच येत नाही, त्यामुळे खेळाडूला आणि त्याच्या आईवडिलांना पटवायचे ते केवळ अभ्यासक्रम, वातावरण आणि तुमचा शब्द यांच्या बळावर. प्रशिक्षक रँड पेकनॉल्ड 1994 मध्ये क्विनिपिअ‍ॅक विद्यापीठात आले तेव्हा दिवसा शाळेत इतिहास शिकवत आणि संघाचा सराव मध्यरात्री घेत. त्याच संघाने 2023 मध्ये राष्ट्रीय विजेतेपद मिळवले.

आता या कामाचा गाभा, म्हणजे खेळाडू हेरणे. कॉलेजात येणारा मुलगा अनेकदा ज्युनिअर हॉकी खेळून एकोणीस-वीस वर्षांचा झालेला असतो, पण त्याच्याकडे लक्ष त्याआधी कितीतरी वर्षे ठेवावे लागते. सोळा वर्षांच्या मुलात विशीतला खेळाडू दिसला पाहिजे. मी सांगेन की गोल मोजू नका. पक प्रतिस्पर्ध्याकडे गेल्यावर तो परत किती जोरात धावतो, बदली होऊन बाकावर बसल्यावर सोबत्यांशी कसा वागतो, पास घेण्याआधी मान वळवून मागे बघतो का, हे टिपा. एकाच मुलाला तीन वेगवेगळ्या सामन्यांत पाहा, त्यातला एक त्याचा संघ हरतानाचा असू द्या.

संपर्काचे नियम पाठ हवेत. पुरुष हॉकीत दहावीच्या वर्षातल्या 1 जानेवारीपूर्वी मुलाशी संपर्क साधता येत नाही. नियम बदलतातही: ऑगस्ट 2025 पासून कॅनेडियन हॉकी लीग या तिथल्या प्रमुख ज्युनिअर लीगमध्ये खेळलेल्यांनाही डिव्हिजन 1 चे दार उघडले, आणि हेरायचा प्रदेश एकदम वाढला.

मग एक विषय आपला करा. पॉवर प्ले (प्रतिस्पर्ध्याचा खेळाडू शिक्षेमुळे बाहेर असतानाचा हल्ला), आपला एक खेळाडू कमी असतानाचा बचाव, बचावपटू किंवा गोली (गोलरक्षक). मुख्य प्रशिक्षक ही कामे सहायकांत वाटतात. माझ्या मते नवख्याने कमी खेळाडूंचा बचाव घ्यावा. तिथे तयारीचा फरक लवकर दिसतो आणि व्हिडिओतून शिकवताही येतो.

डिव्हिजन 1 मध्ये पुरुषांचे संघ साठाच्या थोडेच वर आहेत, म्हणजे जागा मोजक्याच आणि सगळे एकमेकांना ओळखणारे. 1947 मध्ये स्थापन झालेल्या अमेरिकन हॉकी कोचेस असोसिएशनचे सदस्य व्हा, वसंतात फ्लोरिडातल्या नेपल्सला भरणाऱ्या तिच्या संमेलनाला जा. ही संघटना सहायकाच्या आयुष्यभराच्या कामासाठी टेरी फ्लॅनगन पुरस्कार देते. मुख्य प्रशिक्षक न होताही ही कारकीर्द पूर्ण असू शकते.

हंगाम संपला की जागा रिकाम्या होतात. अर्जासोबत त्या संघाच्या दोन-तीन सामन्यांतले पाच मिनिटांचे व्हिडिओ तुकडे आणि पानभर टिपण पाठवा: बचाव कुठे फुटतो, आणि मंगळवारच्या सरावात तुम्ही त्यावर काय घ्याल.